विहीणबाई, मूळ आकारात

गोजाबाई फोटोत हसत नाहीत, ही गोष्ट अख्ख्या रहाटणीला ठाऊक होती. स्वतःच्या लग्नात त्या हसलेल्या नाहीत, मुलाच्या बारशात नाहीत, आणि आधार कार्डाचा तर प्रश्नच येत नाही. कॅमेरा समोर आला की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू समोरचा माणूस त्यांच्या शेताची मोजणी करायला आलेला आहे. त्यामुळे वर्षाली आणि गणराज यांच्या साखरपुड्यात गोजाबाई सगळे दात दाखवून हसल्या, आणि ते हसू नेमकं उद्धवरावांच्या फोनमध्ये अडकलं, ही घटना दोन्ही घरांच्या दृष्टीने साखरपुड्यापेक्षा मोठी ठरली.

उद्धवराव म्हणजे वर्षालीचे वडील. फोटो काढणं हा त्यांचा प्रांतच नव्हे. सारी नोकरी त्यांनी एका कंपनीच्या कामगार वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढली होती, आणि तिथेही कुणाला ‘शांत बसा’ असं तोंडाने सांगायची त्यांची कधी हिंमत झाली नाही. ते भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवत आणि पाटी आपण लावलेलीच नाही असा चेहरा करत. पण साखरपुड्याला ठरवलेला फोटोग्राफर ऐन वेळी पहिल्या पंगतीला जाऊन बसला. इकडे मुलाकडची मंडळी मानपान घेऊन ओळीने बसलेली. मुलाच्या आईच्या, म्हणजे गोजाबाईंच्या, खांद्यावर उद्धवरावांच्या पत्नी कौशल्याबाईंनी नुकतीच मानाची साडी घातली होती. वाईन रंगाची, सोनेरी काठाची. शेजारी मुलाचे वडील दादासाहेब. त्यांचा फेटा घसरत घसरत नाकापर्यंत आला आणि आतून त्यांनी, लाइट गेली का, असं विचारलं. गोजाबाई हसल्या. उद्धवराव त्या वेळी एका खुर्चीवर उभे होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी फोनवर बोट टेकवलं, आणि खुर्चीवरून उतरताना ते पडले.

फोन वर्षालीने घेऊन दिलेला होता. त्यात फोटोचा आकार वाढवता येईल तेवढा वाढवून ठेवलेला होता, कारण बाबांना चष्मा सापडत नाही तेव्हा निदान फोटो तरी मोठे असावेत, असा तिचा विचार. त्याचा परिणाम असा झाला की तो एक फोटो म्हणजे जवळजवळ एक तालुका होता. उद्धवरावांना याची कल्पना नव्हती. त्यांनी तो साधेपणाने घरच्या ग्रुपवर टाकून दिला आणि आपल्या हातून काही चुकलं तर नाही ना, या विचारात ते दोन घास कमी जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासाहेबांचा फोन आला.

“पाव्हणं, फोटू झकास हाय,” ते म्हणाले. “पर मोठा कराय गेलं की आमची मंडळी साबुदाण्याची खिचडी दिसाय लागत्याती.”

उद्धवरावांनी लगेच माफी मागितली. कशाची, ते त्यांनी नंतर शोधलं. पाठवताना ग्रुप फोटो दाबून बारीक करतो आणि मूळ फोटो पाठवणाऱ्याच्याच फोनमध्ये राहतो, हे समजल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. पुस्तकाची अर्धी पानं फाडून वाचकाला द्यावीत आणि वर तारखेचा शिक्का मारावा, तसलाच हा प्रकार. विहीणबाईंचं हसू मूळ आकारात त्यांच्या घरी पोचलंच पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आजवर त्यांनी मनाशी पुष्कळ ठरवलं होतं. या वेळी दुर्दैवाने ते पारही पडायचं होतं.

उद्धवराव राहतात त्या संत तुकाराम नगरात सल्ल्याची टंचाई कधीच नसते. समोरच्या दारात यशवंतराव राहतात. भोसरीच्या एका कारखान्यातल्या टूलरूममधून ते निवृत्त झाले, पण टूलरूम त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. त्यांनी सांगितलं, ईमेल करा. ईमेलने फोटो आत घ्यायलाच नकार दिला. मग ते म्हणाले, पेन ड्राइव्ह. उद्धवराव पेन ड्राइव्ह घेऊन दोन बस बदलून रहाटणीला गेले. तिथे तो लावायला जागा एकाच ठिकाणी निघाली, ती म्हणजे दादासाहेबांच्या ट्रॅक्टरला, गाण्यांसाठी. सगळं घर ट्रॅक्टरभोवती जमलं. ट्रॅक्टरने बराच विचार करून फोटो वाजवायला असमर्थता दाखवली. मग लिंक पाठवायचं ठरलं. लिंक गेली, आणि तिच्यामागून उद्धवरावांकडे परवानगीचे अर्ज यायला लागले. अमुक बघू इच्छितात, तमुक बघू इच्छितात. उद्धवरावांनी एकेकाला पुस्तक द्यावं तशी परवानगी दिली, आणि संध्याकाळी एकानेही परत केली नाही म्हणून ते अस्वस्थ झाले.

शेवटी त्यांनी आपल्याला जमणारी एकच गोष्ट केली. वाचलं. फोनच्या मदत विभागातला सगळा मजकूर, जो लिहिणाऱ्यानेही पुन्हा वाचला नसेल, तो त्यांनी पेन्सिल हातात धरून शेवटपर्यंत वाचला. फोटो म्हणून पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे त्याच्या एका ठिपक्यालाही धक्का लागत नाही, असा तो साक्षात्कार होता. फोटो गेला. दादासाहेबांच्या फोनवर तो उघडायला वेळ लागला, पण उघडला तेव्हा फेट्याच्या जरीचा तार न् तार दिसत होता.

इथपासून उद्धवरावांच्या आयुष्यात काही सोन्याचे दिवस आले. वराकडची मंडळी त्यांना फोन करून शंका विचारू लागली. ज्या माणसाचं बोलणं स्वतःच्या घरात टीव्हीच्या जाहिरातींमध्ये बसवावं लागे, त्या माणसाने ग्रुपवर ‘मूळ आकाराचे महत्त्व’ या विषयावर भलामोठा मजकूर लिहिला, आणि त्याला तेवीस जणांनी अंगठा दाखवला. पण विद्या पसरली की तिच्यावर ताबा राहत नाही. रहाटणीकर मंडळी सगळंच डॉक्युमेंट करून पाठवू लागली. सकाळचे नमस्कार डॉक्युमेंट होऊन आले, उपासाचं ताट डॉक्युमेंट होऊन आलं. चाकणला पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या गणराजच्या एका चुलतभावाचा फोन म्हशीच्या रेडकाच्या मूळ आकारातल्या फोटोने इतका भरला की गजर वाजलाच नाही, आणि त्याचा खाडा पडला.

आणि इतका थोर फोटो घेऊन लोक बघत काय होते? तर प्रत्येक जण स्वतःचं तोंड मोठं करून बघत होता. तालुक्याएवढ्या फोटोत जो तो आपापल्या गावी जाई आणि तिथूनच परत येई. कुणाला आपल्या मिशीला रंग कमी पडलेला दिसला, कुणाला आपली नथ. शेजारच्या माणसाने ताटातली जिलबी खिशात घातलेली स्वच्छ दिसत होती, पण ती कुणी पाहिली नाही. मनुष्यस्वभावाच्या या गुणावर उद्धवरावांनी एक टिपण करायचं ठरवलं आणि नेहमीप्रमाणे केलं नाही.

मग दादासाहेबांनी जाहीर केलं की हा फोटो गावच्या चौकात लागणार. फ्लेक्स. दोन मजली. गणराजच्या साखरपुड्याची खबर तर कळेलच, पण मुख्य म्हणजे गोजाबाई हसल्याचा पुरावा गावाला मिळेल. “पाव्हण्यांनी मूळ फोटू दिलाय,” असं ते ज्याला त्याला सांगत सुटले, “यकबी ठिपका गाळायचा न्हाई.” उद्धवरावांना दोन दिवस जमिनीवर पाय टेकल्याचं आठवत नाही.

त्या आनंदातच त्यांनी यशवंतरावांकडून एक वायर आणवून फोन टीव्हीला जोडून घेतला. कौशल्याबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मूळ आकारात टीव्हीच्या पडद्यावर फोटोचा जेमतेम शंभरावा हिस्सा मावत होता. त्यामुळे फोटो बघणं म्हणजे फोटोतून प्रवास करणं होतं. उद्धवराव बोटाने सरकवत होते आणि वाटेत काय लागलं ते सांगत होते. हा मांडवाचा खांब. ही कुणाची तरी चप्पल. हा एक कान, कुणाचा ते पुढे कळेल. बऱ्याच वेळाने गोजाबाईंची हनुवटी लागली आणि तिच्यावरचा तीळ पडद्यावर बत्ताशाएवढा उगवला. तिथून खाली उतरलं की मानाची साडी. वाईन रंगाचं नुसतं शेत पसरलेलं.

“थांबा,” कौशल्याबाई म्हणाल्या. “मागे घ्या. अजून. काठाच्या कोपऱ्यावर.”

काठाच्या कोपऱ्यावर एक हिरवी रेघ होती. यशवंतरावांनी ती टीव्हीवरची घाण समजून रुमालाने पुसली. ती जाईना. त्यांनी थुंकी लावून पुसली. मग कौशल्याबाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की तुमच्याकडे चहा झाला असेल, आणि ते गेल्यावर मेथीची जुडी बाजूला ठेवून त्या जमिनीवरच बसल्या.

कौशल्याबाईंच्या कपाटाचा खालचा कप्पा देण्याघेण्याचा. आलेल्या साड्या, खण, टॉवेल, टोप्या तिथे वस्तीला असतात आणि योग आला की पुढच्या प्रवासाला निघतात. यात लपवण्यासारखं काही नाही, प्रत्येक घरात असा कप्पा असतो, फक्त प्रत्येक घर आपल्याकडे तो नाही असं समजून चालतं. यातला खरा धोका एकच. ज्याच्याकडून वस्तू आली त्याच्याच घरी ती परत जाता कामा नये. त्यासाठी कौशल्याबाईंनी पद्धत बसवली होती. वस्तू आली की कोपऱ्यात दोऱ्याचा एक बारीक टाका घालायचा. माहेरकडच्यांचा लाल, नणंदेकडचा हिरवा, शेजाऱ्यांचा पांढरा. देण्याच्या दिवशी टाका उसवायचा. वाईन रंगाची साडी उद्धवरावांच्या बहिणीने, रंभाने, मागे दिली होती. तशी साडी दुकानातही सापडेना म्हणून विहीणबाईंसाठी हीच काढायची असं कौशल्याबाईंनी ठरवलं होतं. साखरपुड्याच्या सकाळी गॅस संपला, गुरुजी वेळेच्या आधी आले, आणि टाका उसवायचा राहून गेला.

“दोन मजली फ्लेक्सवर हा केवढा होईल?” त्यांनी विचारलं.

उद्धवराव बोटांच्या पेरांवर गुणाकार करू लागले.

“चांगली कोवळी काकडी होईल,” कौशल्याबाईच म्हणाल्या. “भर चौकात. विहीणबाईंच्या खांद्यावर. दुसऱ्याकडून आलेली साडी मानाची म्हणून दिली, हे सगळ्या गावाला दिसेल. त्यांनी जावेशी हलक्या पातेल्यावरून बोलणं टाकलं होतं, माहीत आहे ना? माझी पोरगी त्या घरात जन्मभर जुन्या साडीवाल्यांची म्हणून राहील.”

उद्धवरावांना हे पटलं. त्यांना वाईट गोष्टी फार लवकर पटत. शिवाय हे सगळं आपण फोटो काढल्यामुळे झालं, काढल्यावर मोठा पाठवल्यामुळे वाढलं, आणि टीव्हीवर पाहिल्यामुळे कळलं, अशी तिहेरी अपराधाची साखळी त्यांना स्वच्छ दिसली. वर्षालीला सांगायचं नाही असं ठरलं. कारण ती आधी हसली असती आणि मग गणराजला सांगितलं असतं, आणि हल्ली ही दोन्ही कामं ती एकाच श्वासात करत असे.

तेव्हा जो माणूस कालपर्यंत मूळ आकारासाठी झटत होता, तो आजपासून फोटो बारीक करण्याच्या मागे लागला. त्यांनी दादासाहेबांना दाबलेला फोटो पुन्हा पाठवला आणि खाली भीत भीत लिहिलं, की विचारांती हाच अधिक सौम्य वाटतो. पाच मिनिटांत फोन आला. दादासाहेब दुखावलेले होते.

“पाव्हणं, आमाला येडं समजता व्हय? ह्यो दाबलेला हाय. तुमीच शिकवलं न्हवं, मूळ त्ये मूळ म्हून.”

आपला एखादा विचार कुणीतरी मनापासून स्वीकारावा, ही उद्धवरावांची आयुष्यभराची इच्छा होती. ती अशी पुरी झाली.

मग त्यांना सरकारची आठवण झाली. फ्लेक्स लावायला परवानगी लागते. परवानगी मागितली की ती लवकर मिळत नाही, असा त्यांचा अनुभव होता. म्हणजे आपण स्वतः जाऊन रीतसर मागावी, ती रीतसर अडकावी, आणि लग्न होईपर्यंत अडकून राहावी. ते एका कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंना आधी काही कळेचना. फ्लेक्स लागलाय आणि काढायचाय का, असं त्यांनी विचारलं. नाही, लावायचाय. म्हणजे लावायच्या आधी आलात? त्यांनी आतल्या दोघांना हाक मारून उद्धवराव दाखवले. अर्जासोबत फोटो जोडायचा होता आणि तो पन्नास केबीच्या आत हवा होता. उद्धवरावांच्या मनात कारंजी उडाली. आपला फोटो यात बसणं कालत्रयी शक्य नाही, आणि बारीक केलेला आपल्या व्याह्यांना चालत नाही, असं त्यांनी जमेल तेवढ्या खेदाने सांगितलं. पण बाई गहिवरल्या होत्या. अशा माणसाला हेलपाटे घालायला लावणं बरं नाही, असं म्हणत त्यांनी उद्धवरावांच्या फोनचा स्वतःच्या फोनने फोटो काढला, तो बारीक केला, अर्ज स्वतः भरला, साहेबांची सही आणली आणि वर पाणी विचारलं. रहाटणीच्या त्या चौकात आजवर किती फ्लेक्स लागले असतील कोण जाणे, पण परवानगी असलेला पहिला फ्लेक्स उद्धवरावांचा, असं त्या म्हणाल्या.

आता उरला छापणारा. काळेवाडी फाट्याजवळ सोपानरावांचं फ्लेक्सचं दुकान. सोपानराव कलावंत होते. फ्लेक्सवर आलेला माणूस गोरा करायचा, त्याच्या गळ्यात साखळी नसेल तर घालायची आणि असेल तर जाड करायची, हे ते विनामूल्य करत. उद्धवराव दुकानात शिरले तेव्हा पडद्यावर गोजाबाई हसतच होत्या. उद्धवरावांनी मान दुसरीकडे वळवली. परक्या माणसाच्या दुकानात आपल्या विहीणबाईंचा चेहरा इतक्या जवळून न्याहाळणं त्यांना प्रशस्त वाटेना. खालच्या आवाजात ते म्हणाले, की यांच्या इथे एक बारीक ठिपका आहे, तो कुणाला न कळता काढता आला तर फार उपकार होतील. ‘इथे’ म्हणताना त्यांनी स्वतःच्या हनुवटीपासून खांद्यापर्यंत कुठेतरी बोट फिरवलं. टाका हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. निघाला असता तर पुढे साडी निघाली असती आणि मग रंभा.

“समजलं, काका,” सोपानराव म्हणाले. “पुढचं बोलूच नका. घरातलं असतं.”

उद्धवराव इतके हलके होऊन बाहेर पडले की त्यांनी बसऐवजी रिक्षा केली.

फ्लेक्स उघडायचा दिवस रविवार होता. चौकात मांडव होता, ढोल होते, नारळ होता. वर कापड टाकलेलं होतं. दोन्हीकडची मंडळी जमली. गोजाबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. फोटोतली नव्हे, ही कौशल्याबाईंनी सर्वांत आधी पाहिलेली गोष्ट. कापड सरकलं. टाळ्या झाल्या. दादासाहेब बर्फीसारखे गोरे झाले होते आणि त्यांच्या गळ्यात गाय बांधता येईल अशी साखळी होती. मधोमध गोजाबाई, हसऱ्या, गोऱ्या, आणि खांद्यावर त्यांच्या हिरवी गार काकडी.

कौशल्याबाईंनी उद्धवरावांच्या दंडाला धरलं. उद्धवरावांना फक्त एवढंच सुचलं, की काकडी आहे म्हणजे काहीतरी दुसरं गेलं असणार.

गोजाबाई वर बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. ढोल आपोआप थांबले.

“ही कोन बाई हाय?” त्या म्हणाल्या. “माजा तीळ कुठाय?”

तो तीळ साधा नव्हता. तो घरात आला त्या वर्षी रस्ता झाला, रस्ता झाल्यावर जमिनीला भाव आला, आणि हे सगळं तिळानेच केलं असं घरात मानलं जाई. दादासाहेब कुठलाही सौदा करण्याआधी बायकोच्या हनुवटीकडे एकदा बघून घेत. चौकातल्या पंचाहत्तर टक्के इमारतींचा पाया एका अर्थी तिथे होता. दादासाहेबांनी सोपानरावांना पुढे बोलावलं. सोपानरावांनी विलंब न लावता उद्धवरावांकडे बोट केलं आणि सांगितलं, की मुलीचे वडील स्वतः येऊन गुपचूप सांगून गेले, बाईंच्या हनुवटीवरचा ठिपका काढा म्हणून.

सगळा चौक उद्धवरावांकडे वळला. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. विहीणबाईंचा तीळ आपल्याला आवडला नाही असं कबूल करावं, म्हणजे लग्न गेलं. किंवा आपण तीळ नव्हे, साडीवरचा टाका काढायला सांगितलं होतं असं सांगावं, म्हणजे अब्रू गेली, आणि लग्न बहुधा तिच्या मागोमाग. वर्षाली गणराजच्या शेजारी उभी होती आणि बाबांकडे अशी बघत होती, की बाबा, काहीतरी बोला. त्यांनी तोंड उघडलं. “माझीच चूक झाली,” ते म्हणाले, कारण ते कुठल्याही वाटेला लागू पडत होतं. “वर्षालीचा यात काही संबंध नाही. तिला तीळ फार आवडतो.”

“पाव्हणं, तीळ डोळ्यात खुपला व्हय तुमच्या?” दादासाहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

तेवढ्यात गोजाबाईंनी कौशल्याबाईंचं कोपर धरलं आणि त्यांना फ्लेक्सच्या मागे, बांबूंच्या आडोशाला नेलं. उद्धवराव मागून गेले. बायकोला एकटीला तोंड द्यायला लावायचं नाही एवढं धैर्य त्यांच्यात होतं, आणि चौकात एकटं उभं राहण्याएवढं नव्हतं.

“इहीणबाई,” गोजाबाई हळूच म्हणाल्या, “हिरवा म्हंजी कुनाकडचा?”

कौशल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “नणंदेकडचा,” त्या म्हणाल्या.

“आमच्यात नणंदंला पिवळा,” गोजाबाई म्हणाल्या. “इहिनीला लाल. साखरपुड्यावनं घरी गेले, म्हटलं इसरायच्या आत लाल टाका घालावा. कोपरा उलगडला तर तितं आदीच हिरवा बसल्याला.”

“म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी…”

“त्याच दिवशी. लई बरं वाटलं. म्हटलं, घर येवस्थेशीर हाय. पोरीला वळन असंल.” मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “सायलीच्या वास्तुशांतीला काढनार हाय ती. आमच्या भाचीच्या. तुमचा हिरवा उसवू, का ऱ्हाऊ दे?”

कौशल्याबाईंनी पदराने डोळे पुसले आणि विषयातल्या जाणकार माणसाने द्यावं तसं उत्तर दिलं. “उसवा. दोन दिसले की लोक मागे मोजायला लागतात.”

गोजाबाईंनी मान डोलावली. मग त्यांची नजर उद्धवरावांवर पडली, आणि त्यांच्या ध्यानात काहीतरी आलं. “पाव्हणं, तुमी ह्यो टाका काडाय सांगितला, आनि त्या मुडद्यानं माजा तीळ काडला?”

उद्धवरावांनी मान खाली घालून होकार दिला. गोजाबाई हसल्या. बांबू धरून, फोटोतल्यापेक्षा दुप्पट हसल्या, आणि या वेळी उद्धवरावांचा हात खिशातल्या फोनकडे गेला नाही.

बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला दोन वाक्यांत गप्प केलं. चूक सोपानरावांची, फ्लेक्स पुन्हा छापायचा, तीळ जागेवर पाहिजे. खांद्यावरचा हिरवा डाग मात्र काढायचा, असं म्हणून त्यांनी एक बांबू उचलला आणि त्याच्या टोकाने डाग नेमका कुठे आहे ते सोपानरावांना दाखवलं. आणि मग बांबू खाली ठेवता ठेवता त्या थांबल्या. फ्लेक्सच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी नजर फिरवली.

“अवो, ह्यात पोरीचा बाप कुठाय?”

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. उद्धवरावांच्याही नाही. ज्याने फोटो काढला तो फोटोत नव्हता. दादासाहेबांना हे इतकं लागलं, की तिळाचा राग विसरून ते भर चौकात म्हणाले, पाव्हण्यांशिवाय फ्लेक्स लागणार नाही. वर उजवीकडे जागा आहे, तिथे पाव्हणे बसवा, आणि मोठे बसवा.

पण पाव्हण्यांचा फोटो आणायचा कुठून? उद्धवरावांनी सगळ्यांचे फोटो मूळ आकारात सांभाळले होते, स्वतःचा एकही नव्हता. पुन्हा काढू म्हटलं तर त्यांनी इतका संकोच केला की फोन धरणारेच लाजले. शेवटी त्यांच्या ग्रुपवरच्या नावापुढे जो नखाएवढा फोटो होता, कंपनीच्या जुन्या ओळखपत्राचा कधीतरी कुणीतरी काढून लावलेला, तोच सोपानरावांनी घेतला. मूळ आकार केवढा, ते कुणी विचारलं नाही. तो त्यांनी ताणून दोन हात रुंद केला.

नवा फ्लेक्स लागला. गोजाबाई हसत होत्या आणि तीळ ठसठशीत होता. काकडी गेली होती. दादासाहेबांच्या कपाळावरच्या घामाचे थेंबसुद्धा वेगवेगळे मोजता येत होते. आणि वर उजव्या कोपऱ्यात, ‘वधूपिता’ या अक्षरांखाली, काही तपकिरी चौकोन होते, वरच्या अंगाला काळ्या चौकोनांची एक रांग, आणि मध्ये दोन करडे चौकोन, जे चष्मा असावेत.

येणारे जाणारे थांबून विचारत, ह्या फरश्या कसल्या? दादासाहेब अभिमानाने सांगत, आमचे पाव्हणे, मूळ फोटोवाले.

उद्धवराव खाली उभे राहून पुष्कळ वेळ त्या चौकोनांकडे बघत राहिले. त्यांना वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल. ते कौशल्याबाईंना म्हणाले, की अगदी ओळखू येत नाही, नाही का.

कौशल्याबाईंनी त्यांचा हात धरला, त्यांना रस्त्यापलीकडे नेलं, वडापावच्या गाडीच्याही मागे नेलं, आणि तिथून वळून डोळे बारीक करून वर पाहिलं. मग त्यांना आणखी एक पाऊल मागे ओढलं.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता अगदी तुम्हीच.”